पहिलं आरसी, म्हणजे रिमोटवरचं, विमान: हाय विंग ट्रेनर किट आणि फ्लायस्काय आय६, वापरून झाल्यावरचं मत

फोमचं हाय विंग ट्रेनर किट (शिकण्यासाठीचं, वर पंख असलेलं विमान), ए२२१२ मोटर, तीस अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), चार नाइन ग्रॅम सर्वो (विमानाचे हलते भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी), थ्री सेल लिपो बॅटरी आणि फ्लायस्कायचा एफएस-आय६ रिमोट. पुतण्याची बारावी झाली, सुट्टीत हातानं काहीतरी बनवायचंय म्हणाला म्हणून हा सगळा सेट घेतला (वहिनींना तरी असंच सांगितलंय, तेवढं सांभाळून घ्या). आता सीझनभर उडवून, आपटून, चिकटवून परत उडवून झालंय तेव्हा रिव्ह्यू लिहायला हरकत नाही. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी एका ओळीत: पैसे रिमोटवर घाला, विमान स्वस्तातलं घ्या आणि फायटर जेटच्या फोटोंकडे ढुंकूनही बघू नका.

जेटचं मुद्दाम सांगतोय कारण सगळे तिथेच अडकतात. पुतण्यानं मला पाठवलेली पहिली लिंक सुखोईच्या आकाराच्या थर्माकोलच्या विमानाची होती, रिमोट बॅटरी चार्जर सगळं धरून दोन-अडीच हजार. वाढदिवसाला द्यायला मस्त वस्तू आहे, माझी काही तक्रार नाही. पण त्यात एलिव्हेटर (शेपटीवरची आडवी पट्टी, नाक वर-खाली करणारी) नसतो, रडर (शेपटीवरची उभी पट्टी, नाक डावी-उजवीकडे वळवणारी) नसतो, एलेरॉन (पंखांवरच्या पट्ट्या, विमान कलवणाऱ्या) नसतात, हलणारा भाग असा एकही नाही. मागे दोन चिमुकल्या मोटर असतात, डावी जोरात फिरली की विमान उजवीकडे वळतं, उजवी जोरात फिरली की डावीकडे, दोन्ही जोरात तर वर आणि बंद केल्या की खाली, खेळ खल्लास. जरा वारं सुटलं की ते शेजारच्या बिल्डिंगच्या टेरेसवर आणि मग वॉचमनच्या विनवण्या. अशावर महिनाभर हात बसवलात तरी चार चॅनेलच्या, म्हणजे मोटर आणि हे तिन्ही भाग वेगवेगळे चालवायच्या, विमानापुढे उभं राहिल्यावर पाटी कोरीच.

आणि ज्यांचं बजेट मोठं आहे ते थेट स्पिटफायर नाहीतर मस्टँग घेतात. दिसायला नाद खुळा, मान्य. पण त्यांचा पंख खाली असतो, टोकाकडे निमुळता होत जातो, आणि नवशिक्या माणूस काय करतो तर घाबरून थ्रॉटल, म्हणजे मोटरचा जोर, कमी करतो आणि एलिव्हेटर ओढतो, मग त्या निमुळत्या टोकाकडची हवा आधी सुटते, एक पंख एकदम खाली पडतो आणि विमान स्क्रूसारखं फिरत जमिनीत. याला टिप स्टॉल म्हणतात. हातात रिमोट असलेल्याला कळायच्या आत सगळं उरकलेलं असतं.

ट्रेनर म्हणजे याच्या बरोबर उलटं. पंख बॉडीच्या वर, म्हणजे वजन खाली लटकलेलं. पंख बुडापासून टोकापर्यंत एकसारखा रुंद. दोन्ही टोकं किंचित वर उचललेली, त्याला डायहेड्रल म्हणतात, आणि त्याचा फायदा असा की विमान एका बाजूला कललं की हळूहळू स्वतःच सरळ व्हायला बघतं. उंचीवर असताना गोंधळलात तर थ्रॉटल अर्ध्यावर आणून स्टिक सोडून द्यायची, बहुतेक वेळा ते सावरतं. हे सावरणं म्हणजेच तुमचा गुरू, बाकी व्हिडिओ वगैरे नंतर.

तर आमचं किट. नाव सांगून उपयोग नाही, आपल्याकडची दोन-चार हॉबी दुकानं अशीच किटं बनवतात आणि सगळी चुलत भावंडं आहेत. पंख साधारण मीटरभर, कापलेले फोमचे तुकडे, वायरचं लँडिंग गिअर, पुशरॉड, हॉर्न (सर्वोची हालचाल हलत्या भागांपर्यंत नेणारी तार आणि तिची खुंटी). सगळं बसवून बॅटरीसकट वजन साडेसहाशे-सातशे ग्रॅम भरलं. फोम निवडताना मात्र बघा. थर्माकोल हलकं पण बिस्किटासारखं तुटतं. डेप्रॉन हलकं आणि ताठ, कापायला सोपं, लाकडी फ्लोअरिंगच्या खाली अंथरायला वापरतात तेच. ईपीपी सगळ्यात चिवट, आपटलं तर दबतं आणि परत वर येतं, पण महाग. कोरोप्लास्ट म्हणजे इलेक्शनच्या बोर्डाचं पन्हळी प्लास्टिक, त्याचं विमान काही केल्या मोडत नाही पण जड होतं, मग वेगात उडवावं लागतं आणि नवशिक्याला वेगच तर नको असतो. फोमबोर्डचे फुकट प्लॅनसुद्धा मिळतात, फ्लाइट टेस्टवाल्यांचा टायनी ट्रेनर वगैरे, ते प्रिंट काढून घरी बनवता येतात, फक्त त्यांचा तिकडचा फोमबोर्ड पातळ कागदाचा असतो आणि आपल्या स्टेशनरीतला जाड कागदाचा, त्यामुळे विमान ठरल्यापेक्षा जड होतं. एका बाजूचा कागद सोलून काढतात काहीजण. मी डेप्रॉन घेतलं आणि पंखाच्या पुढच्या कडेला ब्राऊन टेप मारला, बास.

किटबरोबर आलेला कागद बघून हसू आलं. चार धूसर फोटो, त्यातला एक दुसऱ्याच विमानाचा. पण पुतण्या म्हणाला, "काका, युट्यूब आहे की," आणि दोन संध्याकाळीत त्यानं बॉडी उभी केली. ग्लू गनचं काम त्याच्याकडे, सर्वोचं माझ्याकडे. इथे एक काळजी घ्या, फेविक्विक थर्माकोलवर आणि डेप्रॉनवर लावू नका, ते फोम खाऊन टाकतं, डोळ्यांदेखत खड्डा पडतो. हॉट ग्लूसुद्धा गन जरा थंड होऊ देऊन लावायचा. आणि पंख बॉडीला चिकटवायचा नाही, स्टेशनरीतली जाड रबरबँड फुलीसारखी ताणून बांधायचा. आपटल्यावर रबरबँड सुटतात, पंख बाजूला उडून पडतो आणि वाचतो. चिकटवलेला पंख बॉडीला घेऊन मोडतो. उन्हानं रबर कडक होतं तेव्हा ती दर थोड्या दिवसांनी बदलायची, पाच रुपयाचं काम आहे.

मोटर ए२२१२, हजार केव्ही. केव्ही म्हणजे एका व्होल्टमागे मोकळ्या मोटरचे मिनिटाला फेरे. हजारवाली असेल तर दहा इंची प्रोपेलर, चौदाशेवाली असेल तर आठ इंची, हे गणित चुकलं की मोटर तरी तापते नाहीतर विमान तरी उचलत नाही. आम्हाला ज्या ऑनलाईन दुकानातून कॉम्बो आला त्यांनी १०४५, म्हणजे दहा इंची, प्रोपेलरची जोडी टाकली होती, आणि ती जोडी असते ड्रोनसाठी, त्यातला एक उलट्या दिशेचा. दोन मिळाले म्हणून खूश होतो, निघाला कामाचा एक. दुकानदाराला मेसेज केला तर "सर दोन्ही चालतील". चालतील हो, मोटरच्या तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल केल्या की मोटर उलटी फिरते, पण मग शाफ्टवरचं नट ढिलं व्हायची भीती, नवीन माणसाला कशाला हे उद्योग. प्रोपेलर लावताना त्यावरचे आकडे विमानाच्या तोंडाकडे आले पाहिजेत. उलटा बसवला तरी फिरतो, आवाजही करतो, फक्त जोर लागत नाही आणि माणूस तासभर मोटरला शिव्या घालत बसतो.

ईएससी घेताना सायमनके फर्मवेअरवाला दिसला तर तो ड्रोनचा आहे हे लक्षात ठेवा. विमानात चालतो पण त्यात बॅटरी उतरल्यावर मोटर तोडायची सोय नसते. विमानाचा साधा ईएससी व्होल्टेज खाली आलं की मोटर बंद करतो आणि सर्वोला करंट चालू ठेवतो, म्हणजे तुम्ही ग्लाइड करून उतरू शकता. लिपो एकदा सेलमागे तीन व्होल्टच्या खाली गेली की कामातून गेली म्हणून समजा.

बॅटरी २२०० एमएएच, थ्री सेल, एक्सटी६० कनेक्टर. पाऊणशे टक्के थ्रॉटल फक्त चढायला लागतो, बाकी अर्ध्यावर निवांत फिरतं, त्यामुळे दहा-बारा मिनिटं आरामात निघतात. रिमोटमधला टायमर आठ मिनिटांवर लावलाय, वाजला की लँडिंगची तयारी. फुल चार्ज म्हणजे सेलमागे ४.२ व्होल्ट, आठवडाभर ठेवून द्यायची असेल तर ३.८ च्या आसपास आणून ठेवायची. कॉम्बोमध्ये येतो तो बी३ चार्जर अडीच-तीन तास घेतो, चालतो, पण त्यावर आकडे दिसत नाहीत. जमलं तर बी६ टाइपचा घ्या, डिस्चार्जसुद्धा करता येतो. चार्जिंगला लावून झोपायचं नाही, फुगलेली बॅटरी परत वापरायची नाही. आमच्याकडे चार्जिंग बाल्कनीत फरशीवर होतं, आईचा हुकूम.

आता रिमोट, ज्याच्यासाठी खरं तर हा रिव्ह्यू लिहायला घेतला. एफएस-आय६ सहा चॅनेलचा, २.४ गिगाहर्ट्झ, चार पेन्सिल सेलवर चालतो, वीस मॉडेलची मेमरी आहे. साधारण पाच हजारांच्या आसपास मिळतो, दुकानागणिक फरक पडतो, विमानात बसवायचा रिसीव्हर सोबत येतो, आयए६ ऐवजी आयए६बी मिळाला तर तोच घ्या. एकूण खर्चातला सगळ्यात मोठा आकडा हाच, म्हणून लोक इथे हात आखडतात आणि विमानावर उधळतात. पण हिशोब करा, पहिलं विमान तुम्ही मोडणारच आहात, दुसरंही मोडाल, तिसऱ्याचं काय ते बघू, रिमोट मात्र तोच राहणार. शिवाय शिकायला लागणाऱ्या गोष्टी सगळ्या रिमोटमध्येच असतात. ड्युअल रेट साठ टक्क्यांवर आणला की स्टिक पूर्ण ढकलली तरी विमान थोडंच हलतं. एक्स्पो टाकला की मधल्या भागात स्टिक मवाळ होते, हात थरथरला तरी चालतं. मागच्या बाजूच्या गोल सॉकेटमध्ये यूएसबी केबल लावून कॉम्प्युटरवर सिम्युलेटर खेळता येतो, आणि त्याच सॉकेटमधून दोन आय६ जोडून गुरू-शिष्य मोडही होतो, शिष्य भरकटला की गुरू स्विच बदलून कंट्रोल आपल्याकडे घेतो. गावात अजून कुणाकडे आय६ असेल तर यासारखं सुख नाही.

रिमोटच्या खोडी पण आहेत. सगळे स्विच वर आणि थ्रॉटल खाली असल्याशिवाय तो सुरूच होत नाही, वॉर्निंग देत बसतो, ते एका अर्थी चांगलंच. पण सेटिंग बदलल्यावर कॅन्सल बटण दाबून धरलं तरच ते सेव्ह होतं. हो, कॅन्सल. नुसतं एकदा दाबून बाहेर आलात तर बदल गायब. ज्यानं कुणी हे ठरवलं त्याला भेटायची फार इच्छा आहे. फेलसेफ आठवणीनं लावा, सिग्नल तुटला तर थ्रॉटल शून्यावर गेला पाहिजे, प्रोपेलर काढून रिमोट बंद करून तपासा. आणि घेताना मोड टू मागा, थ्रॉटल डाव्या हाताला, आपल्याकडे बहुतेक सगळे तोच उडवतात, मदत करायला कुणी आलं तर त्यालाही तोच येत असतो.

सिम्युलेटर टाळू नका. पिकासिम फोनवर फुकट आहे, पण खरा रिमोट जोडून कॉम्प्युटरवर करणं वेगळं. पुतण्याला गेमची सवय, त्याला वाटलं आपण लगेच शिकू, आणि विमान आपल्या दिशेनं यायला लागलं की डावं उजवं उलटं होतं तिथे तोही गडबडला. त्यावरचा उपाय सोपा आहे: विमान समोरून येत असताना जो पंख खाली झुकलाय त्या बाजूला स्टिक ढकलायची, म्हणजे खाली गेलेल्या पंखाला टेकू दिल्यासारखं. हे बोटांत उतरेपर्यंत सिम्युलेटर, मगच शेत.

शेत म्हणजे आमचं गावाकडचं, वाई तालुक्यात. गहू निघाल्यावर रान मोकळं होतं, सकाळी साडेआठ-नऊपर्यंत वारं नसतं, नंतर डोंगरावरून जे सुटतं ते नवशिक्याचं काम नाही. पहिलं उड्डाण हॅण्ड लाँच, मी फेकणारा, तो स्टिकवर. आधी सीजी, म्हणजे तोलाचा बिंदू, बघितला, पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश अंतरावर, पेनानं खूण करून दोन बोटांवर विमान तोलायचं, नाक किंचित खाली झुकलं पाहिजे. बॅटरी पुढे-मागे सरकवून हे जमतं. नाक जड असेल तर विमान आळशी उडतं, शेपूट जड असेल तर एकदाच उडतं. मग कंट्रोल, उजवी स्टिक उजवीकडे तर उजवा एलेरॉन वर, हे मोठ्यानं बोलून तपासायचं. पाऊणशे टक्के थ्रॉटल, वाऱ्याच्या तोंडाला, सपाट फेक. वर नाही फेकायचं, भाला नाही तो. विमान सुटलं, जरा बसलं, आणि मग जे उचललं ते बांधावरच्या बाभळीच्या वरून. डावीकडे ओढत होतं (हे स्टिकशेजारच्या ट्रिमच्या बटणांनी सरळ करतात), "ट्रिम दे, उजवी ट्रिम, टक टक टक," मी ओरडतोय, पुतण्या म्हणतो, "काका गप बसा, दिसतंय मला." बरोबर होतं त्याचं.

लँडिंगला मात्र नाक गेलं. वळण खाली घेतलं, वेग संपला, आणि ढेकळात नाकावर. पंख रबरबँड सोडून बाजूला, प्रोपेलरचे दोन तुकडे, मोटरचा माउंट उखडलेला, बाकी सगळं शाबूत. तिथेच बांधावर बसून दुरुस्ती केली, उखडलेल्या जागी आइस्क्रीमच्या दोन काड्या, हॉट ग्लू (गावातून इन्व्हर्टरवर गरम करून आणला, ती वेगळी गंमत), वरून ब्राऊन टेपचे तीन वेढे. दुपार व्हायच्या आत परत उडण्यालायक. डेप्रॉनच्या किटची खरी किंमत मला त्या बांधावर कळली, कारण मोल्ड केलेल्या तयार विमानाची बॉडी अशी फाटली असती तर स्पेअर पार्टची वाट बघत सुट्टी संपली असती.

तयार विमानं अजिबात घेऊ नका असं म्हणत नाहीये. व्होलांटेक्सचं स्पोर्ट कब ५०० आहे, पन्नास सेंटीमीटर पंख, आत जायरो (विमान आपोआप सरळ ठेवणारा सेन्सर), तीन मोड, बिगिनर मोडमध्ये ते एका मर्यादेपलीकडे कलतच नाही. ज्यांच्याकडे फक्त शाळेचं ग्राउंड आहे आणि ग्लू गनचा कंटाळा आहे त्यांनी बिनधास्त घ्यावं. तोटा एवढाच की हलकं असल्यामुळे वाऱ्यात पतंग होतं, आणि जायरोच सगळं करतो म्हटल्यावर तो बंद केला की कळतं आपल्याला किती येतंय. दुसरी जात बिक्सलर, इझीस्टारची. मोटर पंखाच्या मागे वर, सव्वा-दीड मीटरचा ग्लायडरसारखा पंख, नाकावर पडलं तर फक्त फोम दबतो, प्रोपेलर वाचतो. माझ्या मते पहिल्या विमानासाठी यापेक्षा चांगला आकार अजून निघालेला नाही, आपल्याकडे सहज आणि रास्त भावात मिळाला असता तर हा रिव्ह्यू त्याचाच असता. फेकताना मात्र हात मागच्या प्रोपेलरपासून लांब, हात सुटल्यावरच थ्रॉटल.

बाहेरून मागवायचा विचार असेल तर एक लक्षात घ्या, फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, सुटे भाग चालतात, आणि कस्टमवाल्याला तुमचं विमान ड्रोनच्या खात्यात टाकावंसं वाटलं तर तुम्ही काय करणार. त्यामुळेही किट आणि सुटे पार्ट बरे. उडवायच्या आधी डिजिटल स्कायचा, म्हणजे सरकारच्या ड्रोन साइटचा, नकाशा उघडून जागा बघा. हिरव्या झोनमध्ये १२० मीटरपर्यंत, विमानतळाजवळ त्याहून कमी, लाल झोनमध्ये परवानगीशिवाय अजिबात नाही. लोहगावच्या एअरफोर्समुळे पुण्याचा बराच भाग रंगीत दिसतो, म्हणून तर आम्ही वाई गाठतो. मुंबईत पोलिसांचे बंदी आदेश अधूनमधून निघतात, त्यात रिमोटवरची हलकी विमानंही येतात. दोन किलोच्या आतलं छंदापुरतं उडवायला रिमोट पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही, पण लोकांच्या डोक्यावरून उडवायचं नाही हे कुठल्या नियमाशिवायही कळायला हवं, दहा इंची प्रोपेलर बोटाचं काय करतो ते बघितलंय मी.

नियमात नसलेले दोन धोके: घारी आणि ऊस. घार खालून आली की फार मस्ती न करता उतरवायचं, तिचं आकाश आहे. आणि उभ्या उसात विमान पडलं तर थ्रॉटल अजिबात द्यायचा नाही, अडकलेली मोटर ईएससी जाळते. नुसत्या स्टिक हलवायच्या, सर्वोचा चिर्र चिर्र आवाज येतो, त्या आवाजामागे एकानं पाचटातून आत शिरायचं. आमच्याकडे आत शिरणारा पुतण्या, बाहेर स्टिक हलवणारा मी, वयाचा एवढा तरी फायदा.

एकूण खर्च आमचा बारा-तेरा हजारांत बसला, त्यात रिमोट आणि चार्जर पुढच्या विमानालाही चालणार आहेत, म्हणजे दुसरं विमान बरंच स्वस्तात. ऑर्डर करताना आधी फक्त रिमोट आणि सिम्युलेटरची केबल मागवा, महिनाभर घरात बसून खेळा, तरीही किडा टिकला तर मग किट आणि बाकीचं. आणि दहा इंची प्रोपेलर अर्धा डझन एक्स्ट्रा टाका, सुटे, विमानाचेच, जोडीतले नकोत.